ऑनलाइन आलेलं स्थळ खरं की बनावट? चौकशी कोणत्या क्रमाने करायची

विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळावरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या वधू-वर ग्रुपवरून स्थळ आलं की बहुतेक घरांत एकच क्रम चालतो. आधी फोटो बघतात, मग पत्रिका जुळवतात, मग मुलामुलीला बोलू देतात, आणि सगळं पसंत पडलं की कुणीतरी म्हणतं, ‘आता जरा चौकशी करू.’ तोवर दोन-तीन महिने रोज बोलणं झालेलं असतं, मन गुंतलेलं असतं, मावशी-आत्यांपर्यंत बातमी पोचलेली असते. त्या वेळी काही खटकलं तरी माणूस स्वतःचीच समजूत घालतो. बनावट नावाने वावरणारे लोक याच क्रमाच्या भरवशावर असतात.

दुसरी चूक याहून घातक. ज्याची चौकशी करायची, त्याच्याकडूनच पुरावे मागवायचे आणि त्यावर विश्वास ठेवायचा. आधारचा फोटो त्याने पाठवला, ऑफिसचा नंबर त्याने दिला, ‘माझ्या बॉसशी बोला’ म्हणून फोनही त्यानेच जोडून दिला. याला चौकशी म्हणत नाहीत. कागद त्याच्याकडून आला तरी चालेल, पण तो खरा आहे का हे तुम्ही स्वतः वेगळ्या वाटेने तपासायचं. खालच्या सगळ्या टप्प्यांत हे धरून चाला.

मुलीकडच्यांनीच हे वाचावं असं नाही. लग्न जमत नाही म्हणून मेटाकुटीला आलेल्या शेतकरी मुलांच्या घरी एजंटामार्फत स्थळ येतं, रोख रक्कम घेतली जाते, घाईत लग्न उरकतं आणि नवरी आठवडाभरात दागिन्यांसह नाहीशी होते. अशा बातम्या आपल्याकडे वारंवार येतात. त्यांनाही हाच क्रम लागू आहे.

टप्पा १: स्थळ बघण्याआधी आपला बायोडेटा आवरा

ग्रुपवर फिरणारा एखादा बायोडेटा नीट बघा. वर गणपती, खाली मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, घरचा पत्ता, वडिलांचं ऑफिस, भावाचा पगार, मामांची गावं, आईचा मोबाइल आणि दोन फोटो. ही पीडीएफ एकदा ग्रुपवर गेली की ती कुणाकडे पोचेल हे तुमच्या हातात राहत नाही. फसवणारा ती वाचतो आणि तिला जुळेल असा माणूस उभा करतो: तोच जिल्हा, तीच आवड, तसंच घर. शिवाय ते फोटो वापरून तुमच्याच मुलीच्या नावाने दुसऱ्याला फसवणारं खातं काढता येतं.

पहिल्या बायोडेटात नाव, वय, शिक्षण, जिल्हा आणि कामाचं क्षेत्र एवढं पुरतं. पूर्ण जन्मतारीख आणि वेळ पत्रिकेसाठी लागते, ती पुढच्या टप्प्यावर द्या. पत्ता, पगार, शेतीचे एकर, फ्लॅटची किंमत काढून टाका. फोटोवर चेहऱ्याला लागून फिकट अक्षरांत कुठल्या संकेतस्थळासाठी दिला ते आणि महिना लिहा. कोपऱ्यात लिहिलंत तर तो कापून टाकता येतो. स्थळांसाठी वेगळा मोबाइल नंबर आणि वेगळा ईमेल ठेवा. बँकेला जोडलेला नंबर कधीच देऊ नका.

याच वेळी घरातला किंवा नात्यातला एक माणूस चौकशीसाठी नेमा. तो स्थळाशी गप्पा मारणार नाही, त्याने फक्त तपासायचं. त्याच्याकडे एक वही: काय सांगितलं, कुणी सांगितलं, कसं तपासलं, कधी तपासलं. दुसऱ्या लग्नाचा विचार करणारे स्त्री-पुरुष हे बऱ्याचदा एकटेच हाताळतात, घरी सांगायचा संकोच वाटतो. त्यांनी निदान एका मैत्रिणीला किंवा मित्राला तरी हे काम द्यावं. गुप्तता पाळायला लावणं हेच फसवणाऱ्याचं मुख्य हत्यार असतं.

टप्पा २: पहिल्याच दिवशी सगळं जतन करा

प्रोफाइल आवडलं की उत्तर देण्याआधी त्याचे स्क्रीनशॉट घ्या. प्रोफाइलचा आयडी, पानाचा पत्ता, सगळे फोटो आणि ‘माझ्याबद्दल’चा मजकूर त्यात यायला हवा. पुष्कळदा पहिल्या दोन दिवसांतच ‘इथे नको, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू’ असं म्हटलं जातं आणि मग संकेतस्थळावरचं प्रोफाइल गायब होतं. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तेवढ्या स्क्रीनशॉटवरून तपास सुरू होऊ शकतो.

सावधान: ‘व्हेरिफाइड’ची खूण म्हणजे माणूस खरा असल्याची हमी नव्हे. काही ठिकाणी तिचा अर्थ ओटीपीने मोबाइल नंबर तपासला एवढाच असतो, काही ठिकाणी एखादं ओळखपत्र घेतलेलं असतं. खुणेवर दाबून नेमकं काय तपासलंय ते वाचा. वैवाहिक स्थिती, पगार आणि नोकरी यांची शहानिशा त्यात झाली असेल असं धरून चालू नका.

त्याच दिवशी आणखी एक काम पाच मिनिटांत होतं. केंद्र सरकारच्या सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर संशयितांची माहिती शोधायची सोय आहे. तिथे मोबाइल नंबर, ईमेल टाकून बघा. काही सापडलं तर तिथेच थांबा. काही सापडलं नाही तर त्याचा अर्थ एवढाच की त्या यादीत अजून नोंद नाही.

टप्पा ३: फोटो तपासा

गूगल लेन्स, टिनआय आणि यांडेक्स या तिन्हींवर फोटो टाका, कारण एकाला न सापडलेलं दुसऱ्याला सापडतं. पूर्ण फोटो टाकून झाला की फक्त चेहरा कापून टाका, मग फक्त मागची इमारत. तोच चेहरा दुसऱ्या नावाने दिसला तर विषय संपला. काहीच सापडलं नाही तर फोटो अस्सल आहे असं ठरत नाही. खासगी खात्यांतून चोरलेले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले फोटो अशा शोधात सहसा येत नाहीत.

म्हणून फोटोतल्या वस्तू बघा. समजा, मुलगा लंडनला असतो म्हणतो आणि ‘माझी गाडी’ म्हणून आतून काढलेला फोटो पाठवतो. इंग्लंडमध्ये आपल्यासारखंच डाव्या बाजूने वाहन चालवतात, म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे हवं. फोटोत ते डावीकडे असेल तर ती गाडी सहसा तिथली नाही. भिंतीवरचा प्लग चौकोनी तीन खाचांचा आहे का? दुकानांच्या पाट्या कुठल्या भाषेत आहेत? जानेवारीत काढलेला म्हणून सांगितलेल्या फोटोत झाडं हिरवीगार आहेत का? फोटो जुना आहे असं उत्तर येऊ शकतं आणि ते खरंही असू शकतं. उत्तर वहीत लिहून ठेवा. नंतरच्या बोलण्याशी ते जुळतं का ते दिसेलच.

टप्पा ४: पहिल्या आठवड्यातच व्हिडिओवर बोला, आणि घरच्यांसह बोला

‘कॅमेरा खराब आहे’, ‘जहाजावर नेट नाही’, ‘लष्करी तळावर परवानगी नाही’ ही कारणं एकदा ऐकून घ्या, दुसऱ्यांदा नाही. व्हिडिओ लागला की बोलता बोलता मान पूर्ण बाजूला वळवायला सांगा, चेहऱ्यावरून हात फिरवायला सांगा, खिडकीपाशी जायला सांगा. बनावट चेहरा लावलेला असेल तर अशा हालचालींत कडा फाटतात, उजेड जुळत नाही. पण ही तंत्रं सुधारत चालली आहेत, त्यामुळे व्हिडिओत पास झाला म्हणून पुढचे टप्पे गाळू नका.

मग आपली जुनी पद्धत वापरा. मराठी आडनाव लावून बोलणाऱ्याला साधे प्रश्न विचारा: मूळ गाव कोणत्या तालुक्यात? मामाचं गाव कोणतं? ग्रामदैवत कोणतं, जत्रा कधी भरते? शाळा कुठली, दहावीला गावातच होता का? परदेशात वाढलेल्या मुलाला यातलं सगळं येणार नाही, मराठीही मोडकं असेल, त्यात वावगं काही नाही. पण मग त्याच्या आईला, काकाला नाहीतर मावशीला हे येईल. त्यांच्याशी तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी बोलावं. ‘आईवडील वारले, भाऊबहीण नाही, नातेवाइकांशी संबंध नाहीत, एक लहान मुलगी आहे’ असं सांगितलं गेलं तर दुःख मनापासून समजून घ्या आणि चौकशी दुप्पट करा. विचारायला एकही माणूस शिल्लक राहू नये अशी ही मांडणी बनावट स्थळांत फार वेळा दिसते.

गावाचं नाव कळलं की तिथे ओळखीचा माणूस शोधणं आपल्याकडे अवघड नाही. पोलीस पाटील, ग्रामपंचायत सदस्य, शाळेतले शिक्षक, दूध डेअरीवाला, कुणीतरी निघतंच. आणि शक्य असेल तर प्रत्यक्ष जा.

तपासा: इथपर्यंत तुमच्या वहीत किमान एक असा माणूस हवा, जो त्या स्थळाला ओळखतो आणि ज्याचा नंबर तुम्हाला स्थळाने दिलेला नाही. नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ५: शिक्षण आणि नोकरी

इथे लोक सर्वांत जास्त फसतात, कारण ऑफर लेटर आणि पगाराची स्लिप बघून समाधान होतं. दोन्ही कागद घरबसल्या बनवता येतात. खात्री मूळ नोंदवहीतून करायची, आणि कितीतरी व्यवसायांच्या नोंदवह्या सर्वांना खुल्या असतात.

डॉक्टर म्हणत असेल तर नोंदणी क्रमांक विचारा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या किंवा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर शोधा. इंग्लंडमधला असेल तर तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलची यादी कुणालाही बघता येते, ऑस्ट्रेलियात आफ्रा या नियामक संस्थेची. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं मेडिकल बोर्ड परवाना शोधू देतं. चार्टर्ड अकाउंटंटचा सभासद क्रमांक आयसीएआय या सीएंच्या संस्थेकडे तपासता येतो. स्वतःची कंपनी आहे म्हणत असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची नोंद आणि संचालकांची नावं बघा. दुकान किंवा व्यवसाय असेल तर जीएसटी क्रमांक मागा, जीएसटी पोर्टलवर तो टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते कळतं. मर्चंट नेव्हीचं नाव सांगणारी बनावट स्थळंही पुष्कळ येतात. भारतीय खलाशाकडे इंडोस हा सरकारी ओळख क्रमांक असतो आणि तो डीजी शिपिंग म्हणजे केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर जन्मतारखेसह तपासता येतो.

सावधान: नोंदवहीत नाव सापडणं म्हणजे समोरचा माणूस तोच असणं नव्हे. खऱ्या डॉक्टरचं नाव आणि फोटो चोरून खातं काढणं हाच तर या गुन्ह्याचा मुख्य प्रकार. नाव जुळलं की हॉस्पिटलचा नंबर हॉस्पिटलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून शोधा, फोन लावा आणि त्या डॉक्टरांसाठी निरोप ठेवा. खरा डॉक्टर वेगळाच असेल तर तो स्वतःच सांगेल.

आयटी आणि इतर नोकरीत कंपनीचा एचआर विभाग परक्याला माहिती देत नाही. तिथे एक सोपी युक्ती चालते. मुलाचा ऑफिसचा ईमेल पत्ता घ्या. त्या पत्त्यातलं कंपनीचं नाव कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळाशी अक्षर-अक्षर लावून बघा, कारण एखादी जोडरेघ किंवा जास्तीचं अक्षर घालून हुबेहूब पत्ता बनवतात. मग तुम्ही स्वतः त्या पत्त्यावर मेल पाठवा, त्यात एक शब्द लिहा आणि तो शब्द त्याने फोनवर सांगावा असं म्हणा. त्याच्याकडून आलेला मेल पुरेसा नाही, पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा दाखवता येतो. तुम्ही पाठवलेला मेल मात्र खऱ्या खातेदारालाच मिळतो.

पदवीसाठी डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रं डिजिटल स्वरूपात ठेवायची सरकारी सोय, उत्तम. पीडीएफ मागवू नका. भेटीत त्याच्या मोबाइलवर त्याला डिजिलॉकर उघडायला सांगा आणि विद्यापीठाने थेट जारी केलेली पदवी तिथे दिसते का बघा. त्यात लोकांनी स्वतः चढवलेली कागदपत्रंही असतात, ती पुरावा नाहीत. काही जुन्या पदव्या तिथे मिळणार नाहीत, तेव्हा विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून रीतसर पडताळणी करून घ्यावी लागते. वेळ लागतो, शुल्क लागतं, पण होते.

टप्पा ६: आधीचं लग्न, ओळखपत्र, राहतं घर

घटस्फोटित असेल तर ‘झालाय’ एवढ्यावर विसंबू नका. न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मागा. त्यावरून सीएनआर हा सोळा अक्षर-आकड्यांचा क्रमांक मिळाला की ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर टाका. खटला निकाली निघाला की अजून चालू आहे ते दिसतं. कौटुंबिक खटल्यांत पक्षकारांची नावं कधीकधी झाकलेली असतात, तेव्हा वकिलामार्फत न्यायालयातून खात्री करा. जोडीदार वारला असेल तर मृत्यू प्रमाणपत्र बघायला मागणं कठोर वाटतं, पण मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, मागा. खरा माणूस वाईट वाटलं तरी दाखवतो.

आधार कार्ड प्रत्यक्ष भेटीतच बघा. त्यावरचा क्यूआर कोड यूआयडीएआय या आधार देणाऱ्या संस्थेच्या अधिकृत अ‍ॅपने स्कॅन करा. अ‍ॅपमध्ये येणारं नाव आणि फोटो कार्डाशी जुळला पाहिजे. छापलेलं नाव बदलता येतं, स्वाक्षरी केलेल्या कोडमधलं नाही. तुमच्याकडून आधार मागितलं तर मास्क केलेलंच (पहिले आठ आकडे झाकलेलं) दाखवा, प्रत पाठवू नका.

घरी जा, निदान एकदा, आणि घरात बसा. हॉटेलातली भेट घरच्या भेटीच्या जागी धरू नका. सोसायटीच्या वॉचमनशी, शेजाऱ्यांशी दोन शब्द बोला. परदेशातलं स्थळ असेल तर तिथल्या महाराष्ट्र मंडळात ओळख निघते का पाहा. आणि पत्रिका? ती आता जुळवा.

टप्पा ७: पैशाचा विषय निघाला की

कितीही छोटी रक्कम असो, लग्नाआधी पैसे मागितले गेले की बोलणं थांबवा आणि वही घेऊन घरच्यांसमोर बसा. दोन प्रकार फार चालतात.

पहिला पार्सलचा. ‘तुझ्यासाठी दागिने, लॅपटॉप, पौंड पाठवलेत’ असं तो सांगतो. काही दिवसांनी विमानतळाच्या कस्टममधून बोलतेय म्हणून एका बाईचा फोन येतो: आधी शुल्क भरा, मग दंड, मग मनी लाँडरिंगचा खटला. कस्टम खातं कुणाच्या खासगी बचत खात्यात पैसे भरायला सांगत नाही. नोव्हेंबर २०१९ पासून त्या खात्याच्या पत्रव्यवहारावर डीआयएन हा ओळख क्रमांक असतो आणि तो सीबीआयसी या केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. यूपीआयने पैसे पाठवण्याआधी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं, ते वाचा. सरकारी शुल्क एखाद्या अनोळखी व्यक्तीच्या नावावर कसं जाईल?

दुसरा गुंतवणुकीचा, आणि हा जास्त खोल बुडवतो. तो पैसे मागतच नाही. ‘आपल्या भविष्यासाठी’ म्हणून ट्रेडिंगचं किंवा क्रिप्टोचं अ‍ॅप शिकवतो. सुरुवातीला थोडा नफा खरंच काढूही देतात. मोठी रक्कम टाकली की काढताना ‘आधी कर भरा’ असं येतं. पडद्यावरचा नफा हा नुसता लिहिलेला आकडा असतो. होणाऱ्या जोडीदाराने पाठवलेल्या लिंकवरून कुठलंही गुंतवणुकीचं अ‍ॅप घेऊ नका. नाव ऐकलंच तर सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या नोंदणीकृत संस्थांच्या यादीत शोधा.

टप्पा ८: फसवणूक लक्षात आली तर, याच क्रमाने

१. पैसे गेले असतील तर सर्वांत आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. तो लागेपर्यंत घरातल्या दुसऱ्याने बँकेला कळवायचं. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरवले जातात, त्यामुळे इथे मिनिटं मोजायची. रक्कम, वेळ, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक आणि समोरचं खातं हाताशी ठेवा. मिळालेला पोचक्रमांक लिहून घ्या.

२. समोरच्याला सांगू नका. ‘तू फसवलंस, मी पोलिसांत जाते’ असा मेसेज गेला की तो खातं पुसतो. ब्लॉकही लगेच करू नका, आधी चॅट फोटो-व्हिडिओंसह एक्स्पोर्ट करा, नंबर आणि प्रोफाइलचे पत्ते जतन करा. फोन बदलू नका, रिसेट करू नका.

३. सायबरक्राइम पोर्टलवर सविस्तर तक्रार टाका, मग पोलीस ठाण्यात जा. गुन्हा कुठेही घडला असो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कुठल्याही ठाण्यात नोंद करता येते. ऑनलाइन माहिती दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-क आणि ६६-ड म्हणजे इंग्रजीतली ६६ सी आणि ६६ डी, ही दोन्ही ओळख चोरी आणि तोतयेगिरीची कलमं आहेत. प्रत्येकात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. भारतीय न्याय संहितेचं ३१९ हे तोतयेगिरी करून फसवण्याचं कलम आहे. ओळख लपवून लग्न करून शरीरसंबंध ठेवले असतील तर त्याच संहितेच्या कलम ६९ बद्दल वकिलाशी बोला.

४. खासगी फोटो पसरवायची धमकी असेल तर एक रुपयाही देऊ नका. दिले की मागणी वाढते. स्टॉपएनसीआयआय या सेवेत फोटो तुमच्या फोनबाहेर न जाता त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि त्यात सामील असलेले प्लॅटफॉर्म तो फोटो अडवू शकतात. स्त्रिया आणि मुलांविरुद्धच्या अशा प्रकारांची तक्रार सायबरक्राइम पोर्टलवर नाव न देताही करता येते. हे घडलेल्या मुलीला घरात रागावू नका. भीतीपोटीच मुली पैसे देत राहतात.

५. आधारची प्रत गेली असेल तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत ते बघा आणि अनोळखी नंबर तिथूनच कळवा. यूआयडीएआयच्या अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करा.

६. संकेतस्थळाला प्रोफाइल आयडीसह लेखी कळवा आणि त्या खात्याची माहिती पोलिसांसाठी जपून ठेवायला सांगा. ग्रुपवर त्याचा फोटो ‘फसव्यापासून सावध’ म्हणून टाकू नका. तो चेहरा बहुधा अशाच कुणा निरपराध माणसाचा असतो, ज्याचे फोटो चोरलेत.

सावधान: तक्रारीनंतर काही आठवड्यांनी ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ म्हणून फोन येऊ शकतो. बोलणारा सायबर सेलचा अधिकारी, वकील किंवा हॅकर म्हणवतो आणि आधी फी मागतो. पोलीस फी घेत नाहीत. तक्रारीचा पोचक्रमांक त्याला सांगू नका, ठाण्यातल्या तपास अधिकाऱ्याला कळवा. त्याच अधिकाऱ्याकडून किती रक्कम कुठल्या बँकेत गोठवली गेली याची माहिती घ्या. ती परत मिळण्यासाठी बऱ्याचदा न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जाला १९३० चा पोचक्रमांक, एफआयआरची प्रत आणि बँकेचं स्टेटमेंट जोडायचं असतं.